जेरुशा झिराड, गुलाबी धाव आणि आमचा मोहल्ला

माझी फुफी स्तनाच्या कर्करोगाने गेली. गंगाखेडच्या आमच्या मोहल्ल्यात तिच्या मरणाचं कारण मात्र आजही ‘अंदर की बीमारी’ असंच सांगितलं जातं. न्हाताना हाताला गाठ लागली, तेव्हा तिने ती कुणाला सांगितली नाही. दुखत नव्हती. पुढे अम्मीच्या लक्षात आलं, तेव्हा फुफी म्हणाली, “दर्द नईं है ना, फिर डाक्टर कू क्या दिखाना?” मग हकिमाची पूड झाली, दर्ग्याचा धागा झाला, शेक झाला. दीड वर्षाने परभणीला नेलं आणि तिथून बार्शीला. तोवर गाठ काखेत पोहोचली होती. जनाजा निघाला त्या दिवशी अंगणात बसलेल्या दहा-वीस माणसांपैकी एकानेही त्या आजाराचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

हा लेख त्या न घेतलेल्या नावाबद्दल आहे. त्याची सुरुवात मात्र मला गंगाखेडपासून फार लांबून करावी लागेल.

अमेरिकेत दरवर्षी स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध धर्मादाय धावा होतात. लोक वर्गणी गोळा करतात, गुलाबी कपडे घालतात, पाच किलोमीटर धावतात किंवा चालतात. जमलेला पैसा तपासणी, उपचार आणि संशोधनाला जातो. या धावांत शाळांचे, कंपन्यांचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चमू असतात, तसे ज्यू प्रार्थनामंडळांचेही असतात. शनिवारी एकत्र बसून प्रार्थना करणारी माणसं रविवारी सिनेगॉगच्या नावाचे सदरे घालून रस्त्यावर उतरतात. त्यात म्हाताऱ्या बायका असतात, त्यांचे नवरे असतात, कधी खुद्द रब्बी असतात. हे वाचलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो आपल्या मशिदीचा. आमच्या जमातीच्या नावाचा सदरा घालून कुणी अशा कामासाठी चालेल का? आणि दुसरा प्रश्न असा, की त्यांना हे जमलं कसं?

वर्तमानपत्रालाही लाज होती

जमलं ते सहज जमलेलं नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची एक हकिकत कर्करोगाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. फॅनी रोझेनाऊ नावाच्या बाईंनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ला फोन केला. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या मदतगटाची जाहिरात त्यांना द्यायची होती. पलीकडून उत्तर आलं, की आम्ही ‘स्तन’ हा शब्द छापत नाही आणि ‘कर्करोग’ही छापत नाही. छातीच्या भिंतीचे आजार असं लिहिलं तर चालेल का? रोझेनाऊबाईंनी फोन ठेवून दिला. ‘अंदर की बीमारी’ म्हणणारा आमचा मोहल्ला आणि जगातलं सर्वात नावाजलेलं वर्तमानपत्र यांच्यात त्या दिवशी काही फार अंतर नव्हतं.

तिथे पुढे बदल झाला तो बोलणाऱ्या बायकांमुळे. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया लपवली नाही, आणि हजारो बायका तपासणीला गेल्या. १९८० मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावची सुझन कोमेन ही ज्यू घरातली मुलगी ३६व्या वर्षी याच आजाराने वारली. तिच्या धाकट्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकरने, १९८२ मध्ये तिच्या नावाने संस्था काढली. १९८३ मध्ये डॅलसमध्ये पहिली धाव झाली. तिच्यात सुमारे ८०० जण होते. पुढे ही धाव शेकडो शहरांत गेली. ऑक्टोबर २०१० मध्ये ती जेरुसलेममध्येही झाली आणि शहराच्या जुन्या तटबंदीवर गुलाबी रोषणाई करण्यात आली.

जेरुसलेमचं नाव काढलं की आपल्या मनात दुसरंच काही येतं, आणि ते यायलाही हवं. गाझातल्या कर्करोगाच्या रुग्णांना पूर्व जेरुसलेमच्या इस्पितळात जायला इस्रायली परवाना लागत आला आहे, आणि त्या परवान्याची वाट पाहण्यात कित्येकांचे उपचार खोळंबले. गाठ तर परवान्यासाठी थांबत नाही. तटबंदीवरच्या गुलाबी दिव्यांबद्दल लिहिताना हे लिहिलं नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. पण एका राज्याच्या धोरणाचा हिशेब जगभरच्या प्रार्थनामंडळांकडे मागणं हाही अन्यायच आहे. आपल्या बाबतीत कुणी असं केलं की आपण चिडतो. मग तोच न्याय आपण इतरांनाही लावायला हवा.

ज्यू समाजाला या विषयावर बोलावं लागलं, याला आणखी एक कारण होतं. १९९०च्या दशकात बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांचा शोध लागला. त्यांत विशिष्ट बिघाड असेल तर स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कैकपटीने वाढतो. युरोपी वंशाच्या, म्हणजे अश्केनाझी, ज्यूंमध्ये ४० माणसांत साधारण एकाकडे हा बिघाड असतो. इतर समाजांपेक्षा हे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. ही बातमी त्या समाजाला सोपी नव्हती. सनातनी घरांत भीती होती ती अगदी आपल्यासारखी. आईला हा आजार आहे हे कळलं तर मुलीचा रिश्ता कसा जमणार? म्हणून गप्प राहा. २००१ मध्ये रोशेल शोरेट्झ या २८ वर्षांच्या, दोन लेकरांच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला. ती स्वतः सनातनी ज्यू होती, वकील होती. आपल्यासारख्या तरुण ज्यू बायकांना एकमेकींशी जोडण्यासाठी तिने ‘शार्शेरेत’ ही संस्था काढली. हिब्रूत या शब्दाचा अर्थ साखळी. २०१५ मध्ये ती वारली. साखळी अजून चालू आहे.

गुलाबी रंगाचा पुढे बाजार झाला, हेही खरं. दह्याच्या डब्यापासून बुटांपर्यंत सगळ्यांवर गुलाबी फीत आली, आणि यातून रुग्णांना किती मिळतं असा सवाल तिथल्याच बायकांनी विचारला. तो रास्त आहे. पण ज्या मोहल्ल्यात अजून शब्दच उच्चारला जात नाही, तिथे बाजारीकरणाची चिंता जरा उशिराने केली तरी चालेल.

जुनी मशीद

हे सगळं अमेरिकेचं झालं. महाराष्ट्रातल्या ज्यूंचं काय?

आपल्याकडचे ज्यू म्हणजे मुख्यतः बेने इस्राएल. कोकणात अलिबाग, नवगाव, रेवदंड्याच्या पट्ट्यात ते शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांची भाषा मराठी, आडनावं गावावरून पडलेली: दिवेकर, किहिमकर, पेणकर, रोहेकर. त्यांचा मलिदा आपल्या फातिह्याच्या मलिद्याची आठवण करून देतो. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. इंग्रजांच्या फौजेतला हा माणूस म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडला होता. समाजात परंपरेने अशी कथा सांगतात की, कैदी ‘बनी इस्राईल’ आहेत हे ऐकून टिपूच्या आईने त्यांचे प्राण वाचवले, कारण ज्यांचा उल्लेख कुरआनात आहे ती माणसं तिने कधी पाहिली नव्हती. कथा खरी असो नसो, ती सांभाळून ठेवणाऱ्या समाजाला आपल्याबद्दल काय वाटत होतं ते तिच्यातून कळतं.

त्या प्रार्थनास्थळाला बेने इस्राएल मराठीत काय म्हणत? मशीद. पुढे दुसरं झालं तेव्हा ही ‘जुनी मशीद’ झाली. मुंबईच्या लोकलमध्ये ‘मस्जिद’ स्टेशन येतं, त्याचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं सांगतात. मी त्या स्टेशनवर कितीदा उतरलो असेन. नाव कुणाचं, हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही.

याच समाजात २१ मार्च १८९१ रोजी एक मुलगी जन्मली. नाव जेरुशा झिराड. जन्म शिमोग्याचा, घराण्याचं मूळ आडनावातच दिसतं, कारण झिराड हे अलिबागजवळचं गाव. लहानपणी बहिणीच्या मोठ्या दुखण्यात कामा रुग्णालयातल्या बायका डॉक्टर तिने पाहिल्या आणि आपणही हेच व्हायचं ठरवलं. हे रुग्णालय १८८६ मध्ये पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी दात्याच्या पैशातून उभं राहिलं. त्यामागचा विचार सरळ होता. परक्या पुरुषासमोर बाई आजार उघड करणार नाही, मग तिला मरू द्यायचं का? म्हणून बायकांसाठी बायकांनीच चालवलेलं इस्पितळ काढलं. हिंदू, मुस्लिम, पारशी, ज्यू, सगळ्या घरांतल्या पडदानशीन बायका तिथे आल्या.

जेरुशा ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. परदेशी शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. महायुद्धाच्या काळात त्या लंडनला राहिल्या आणि १९१९ मध्ये तिथे एम.डी. झाल्या. १९२८ ते १९४७ त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. ज्या इमारतीत लहानपणी बहिणीसाठी धडधडत्या काळजाने आल्या असतील, तीच त्यांनी १९ वर्षं चालवली. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात याची त्यांनी १९३७-३८ मध्ये पाहणी केली. १९५० मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला, त्यातही त्यांचा पुढाकार होता. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कर्करोग हा जेरुशाबाईंचा विषय नव्हता. तरी मी त्यांच्याकडे आलो ते दोन गोष्टींसाठी. पहिली ही, की त्यांनी मोजायला सुरुवात केली. बाळंतपणात बाई गेली की घर म्हणतं ‘अल्ला की मर्जी’ किंवा ‘देवाची इच्छा’. त्यांनी विचारलं, किती गेल्या, कुठे गेल्या, कशाने गेल्या आणि यातल्या किती वाचल्या असत्या. दुसरी गोष्ट अशी, की ही बाई डॉक्टर होती तशी धार्मिकही होती. लंडनमध्ये तिने उदारमतवादी ज्यूंची चळवळ पाहिली. तिथे लिली माँटेग्यूसारखी स्त्री प्रार्थना चालवत होती. परत आल्यावर १९२५ मध्ये जेरुशाबाईंनी भावंडांसह मुंबईत ‘ज्युइश रिलिजस युनियन’ स्थापन केली. त्यातून रोदेफ शालोम हे प्रार्थनामंडळ उभं राहिलं. बायकांच्या शरीराची काळजी आणि बायकांचं प्रार्थनेतलं स्थान या दोन वेगळ्या लढाया आहेत असं त्यांना वाटलं नसावं. ज्या जमातीत बाईला बोलायला जागा नाही, त्या जमातीला तिचा आजार तरी कसा कळणार?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कामा रुग्णालयावर हल्ला झाला. त्याच रात्री, त्याच टोळीने कुलाब्यातलं ज्यूंचं नरिमन हाऊसही लक्ष्य केलं. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईतल्या मुस्लिमांनी आपल्या कब्रस्तानात जागा नाकारली. तो निर्णय मला आपल्या अलीकडच्या इतिहासातला अभिमानाचा क्षण वाटतो. पण नाकारणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे कामासारखी रुग्णालयं ज्या विचारातून उभी राहिली, तो विचार आपल्या वस्तीत आणणं.

आकडे काय सांगतात

भारतात आज बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग सर्वात जास्त आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली आणि सुमारे ९८ हजार बायका गेल्या. श्रीमंत देशांत बहुतेक गाठी लहान असताना सापडतात. आपल्याकडे बाई येते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

हे बदलता येतं का, याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्राने दिलं आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासणी करत. महागडं मॅमोग्राफीचं यंत्र नव्हतं. या सेविका डॉक्टरही नव्हत्या. २० वर्षांचा पाठपुरावा करून २०२१ मध्ये निष्कर्ष आले. ५० वर्षांवरच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे ही जादूची कांडी नाही. पण शिकवलेल्या बाईचे दोन हात, एक पडदा लावलेली खोली आणि दोन वर्षांतून एक दिवस, एवढ्यावर जीव वाचतात हे सिद्ध झालं.

मराठवाडाही या इतिहासाच्या बाहेर नाही. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाने कर्करोग रुग्णालय आहे, आणि १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो अभ्यास झाला, त्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका होत्या. ज्यांची एचपीव्ही चाचणी झाली त्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून या अभ्यासांवर टीकाही झाली, आणि ती विसरू नये. पण या आमच्याच बोलीच्या, आमच्याच पिकाच्या शेतांतल्या बायका. जगाला त्यांच्याकडून ज्ञान मिळालं. माझ्या फुफीपर्यंत ते पोहोचलं नाही.

मुंबईत २०१२ मध्ये मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी फक्त बायकांची ‘पिंकॅथॉन’ धाव सुरू केली. तिथे साडी नेसूनही बायका धावतात. गंगाखेडला असं काही झालं तर आमच्यातले काही जण विचारतील, बाईने रस्त्यावर धावणं आपल्यात बसतं का? त्यांना मी हदीसमधला एक प्रसंग सांगेन. प्रवासात पैगंबरांनी हजरत आयेशांशी धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा आयेशा जिंकल्या, नंतरच्या शर्यतीत पैगंबर. आणि मशिदीचा या विषयाशी काय संबंध, असं कुणी म्हणालं तर रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव सांगेन. मदिनेत पैगंबरांच्या मशिदीच्या आवारात त्यांचा तंबू होता. खंदकाच्या लढाईत जखमी झालेले साद इब्न मुआझ यांच्यावर तिथेच उपचार झाले. म्हणजे आपल्या पहिल्या मशिदींपैकी एकीत एक बाई आजाऱ्यांची सेवा करत होती. कॉर्डोव्हाचे शल्यविशारद अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की, गाठ लहान असेल तर काढावी. मोठी झाल्यावर बरी झालेली आपण पाहिली नाही. फुफीच्या हकिमाने आपल्याच परंपरेचं हे पान वाचलं असतं तर?

भोंग्यावरून

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत तपासणी शिबिर घ्यायचं ठरलं. बायका डॉक्टर येणार होत्या. मी मशिदीच्या कमिटीकडे गेलो आणि जुम्माच्या नमाजनंतर एलान करा म्हणालो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक बुजुर्ग म्हणाले, “मियाँ, मस्जिद के भोंगे पे ये लफ्ज?” मी त्यांना फुफीचं सांगितलं. ते तिच्या जनाजाला होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बोलेंगे. मगर तरीके से.”

जुम्माला एलान झालं. शब्द होते ‘औरतों के सीने की बीमारी’. मला न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्राची छातीची भिंत आठवली. सत्तर वर्षांनी आम्ही तिथवर पोहोचलो होतो.

शिबिराच्या दिवशी सकाळी दहापर्यंत कुणी आलं नाही. मग एक म्हातारी आली, बरोबर दोन सुना. दुपारनंतर शाळेच्या व्हरांड्यात चपलांना जागा उरली नव्हती. शेजारच्या गल्लीतल्या हिंदू बायकाही आल्या. त्यांच्या घरी भोंग्याचा आवाज जातोच. एकीला पुढच्या तपासणीसाठी औरंगाबादला पाठवलं. तिची गाठ लहान होती.

यंदा पुन्हा शिबिर आहे. मी कमिटीकडे अर्ज दिला आहे, आणि त्यात आजाराचं नाव पूर्ण लिहिलं आहे.